कल्पित जगाचा कोश : सेवा की उचलेगिरी?

सात जाडजूड खंड, शेकडो पात्रे, त्यांची नातीगोती, मंत्र, औषधी, प्राणी आणि गावे. पाचवा खंड वाचताना पहिल्या खंडातील कोणी पुन्हा भेटतो आणि वाचक अडखळतो, हा कोण बरे? अशा वेळी एखादा हौशी वाचक वही घेऊन बसतो आणि अकारविल्हे नोंदी करू लागतो. आवडत्या लेखकाच्या कल्पित जगाचे कोश असेच जन्माला येतात. मराठी-कन्नड अशा दोन भाषांच्या घरांत कोशाचे मोल वेगळे सांगायला नको. परंतु वाचकाच्या या प्रेमाला हद्द असावी का? हॅरी पॉटरच्या कोशावरून हा प्रश्न २००७ साली थेट न्यायालयात गेला.

त्याआधी एक चांगले उदाहरण पाहू. जे. आर. आर. टॉल्किन यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये 'मिडल-अर्थ', म्हणजे मध्यपृथ्वी, नावाचे जग उभे केले. रॉबर्ट फॉस्टर या वाचकाने त्याच्या नोंदी आधी हौशी वाचकांच्या नियतकालिकात दिल्या आणि १९७१ साली त्यांचे पुस्तक केले. १९७८ साली त्याची वाढीव आवृत्ती निघाली. नोंदीसोबत मूळ ग्रंथातील पृष्ठांक देण्याची शिस्त त्यांनी पाळली. टॉल्किन यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी वडिलांचे अप्रकाशित लेखन १९८० साली संपादित केले, तेव्हा हा कोश आपण वारंवार वापरतो अशी पावती त्यांनी दिली. लेखकाच्या घरातूनच मिळालेली ही शाबासकी!

आपल्याकडे सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन चरित्रकोश केला. त्यांच्यावर दावा लावायला व्यासमुनी काही येणार नव्हते. लेखक हयात असेल आणि पुस्तकावर त्याचा हक्क असेल, तर गोष्ट वेगळी होते.

कौतुकाकडून कज्ज्याकडे

अमेरिकेतील मिशिगन राज्यात शाळेत ग्रंथपाल असलेले स्टीव्ह व्हँडर आर्क यांनी २००० साली 'हॅरी पॉटर लेक्सिकन' हा कोश इंटरनेटवर सुरू केला. तो सर्वांना फुकट होता. लेखिका जे. के. रोलिंग यांनी २००४ साली त्याचे जाहीर कौतुक केले. बाहेर लिहीत असताना एखादा तपशील अडला, तर आपणही हा कोश उघडून पाहतो, असे त्यांनी सांगितले होते.

पुढे आरडीआर बुक्स या छोट्या प्रकाशनाने त्याचे पुस्तक काढून विकायचे ठरवले आणि चित्र पालटले. ऑक्टोबर २००७ मध्ये रोलिंग आणि वॉर्नर ब्रदर्स यांनी दावा दाखल केला. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुनावणी झाली. आपल्या सतरा वर्षांच्या कष्टांची ही चोरी आहे, असे रोलिंग यांचे म्हणणे होते. धर्मादाय कामासाठी त्यांना स्वतःच असा कोश लिहायचा होता. व्हँडर आर्क यांना साक्ष देताना रडू कोसळले. ज्या लेखिकेवर जीव लावला, तिच्याच विरुद्ध बाजूला उभे राहण्याची वेळ आली होती.

निकालातील बारकावा

न्यायाधीश रॉबर्ट पॅटरसन यांनी ८ सप्टेंबर २००८ रोजी निकाल दिला. त्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की वाचकाला मदत करणारे संदर्भग्रंथ उपयोगी असतात. दुसऱ्याने आपल्या पुस्तकाचा कोश करूच नये, असे लेखकाला म्हणता येणार नाही. दुसरी अशी, की या कोशातील सुमारे २,४०० नोंदींपैकी अनेकींत रोलिंग यांची वाक्ये गरजेपेक्षा जास्त, कित्येकदा जशीच्या तशी उतरली होती. विशेषतः अद्भुत प्राणी आणि क्विडिच या खेळावरची त्यांची दोन छोटी पुस्तके मुळातच कोशासारखी. त्यांतील मजकूर उचलला, तर मूळ पुस्तक घ्यायचे कशाला?

कोश त्या स्वरूपात छापण्यास मनाई झाली. भरपाई मात्र कायद्यातील किमान दराने, म्हणजे ६,७५० डॉलर ठरली. व्हँडर आर्क यांनी उसनी वाक्ये कमी केली, स्वतःचे भाष्य वाढवले आणि जानेवारी २००९ मध्ये सुधारित कोश रीतसर प्रसिद्ध झाला. म्हणजे कोशावर बंदी आली नाही, नक्कल तेवढी गाळली गेली.

घरोघरी लागू

हॅरी पॉटरची पुस्तके मराठीतही आली आहेत आणि आपली मुले ती आवडीने वाचतात. हीच मुले शाळेचा प्रकल्प करताना चार ठिकाणचे परिच्छेद उतरवून काढतात. 'माहिती तर सगळ्यांचीच असते ना?' असे वर विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. माहिती सगळ्यांची असते, पण ती सांगणारे वाक्य कोणाचे तरी असते. फॉस्टर यांनी केले तसे शोधावे, मांडावे, आपल्या शब्दांत लिहावे आणि कुठे सापडले ते पृष्ठांकासह सांगावे. सुटीत मुलांना आवडत्या पुस्तकाचा असा छोटा कोश करायला सांगून पाहा. एका वहीत नोंदी मराठीत आणि कन्नडमध्येही करता येतील. दोन भाषांत लिहायचे म्हटले की मुळातील वाक्य उतरवण्याची सोयच उरत नाही, आधी ते समजून घ्यावे लागते.