फुलेको

फुलेको हा ब्राझीलमध्ये झालेल्या २०१४ फिफा विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अधिकृत शुभंकर होता. तो ब्राझिलियन तीनपट्टी आर्माडिलो या संकटग्रस्त प्राण्यावर आधारलेला होता. या प्राण्याच्या प्रतिमेचा जगभर उपयोग झाला, परंतु त्याच्या संरक्षणासाठी पुरेसे काही केले गेले नाही, या टीकेमुळे हा शुभंकर वादग्रस्त ठरला.

==मूळ प्राणी==
पोर्तुगीज भाषेत या प्राण्याला 'तातू-बोला', म्हणजे 'चेंडू-आर्माडिलो', म्हणतात. तो प्रामुख्याने ईशान्य ब्राझीलमधील काटिंगा या शुष्क, काटेरी वनप्रदेशात आढळतो. धोका जाणवताच तो कोकणातील खवले मांजराप्रमाणे अंग गुंडाळून घेतो. मात्र या दोन प्राण्यांची कुळे भिन्न आहेत. कवचाच्या या चेंडूपुढे हिंस्र प्राण्यांचे दात निष्प्रभ ठरतात, परंतु माणूस तो सहज उचलून नेऊ शकतो. मांसासाठी होणारी शिकार आणि जंगलतोड यांमुळे त्याची संख्या घटली आहे.

==निवड व नाव==
'असोसिआसाव काटिंगा' या पर्यावरणसंस्थेने २०१२ च्या प्रारंभी हा प्राणी शुभंकर व्हावा अशी मोहीम चालवली. सप्टेंबर २०१२ मध्ये शुभंकराचे अनावरण झाले. नावासाठी 'अमिजुबी', 'फुलेको' व 'झुझेको' असे तीन पर्याय देण्यात आले. १७ लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले आणि 'फुलेको' या नावाला ४८ टक्के मते मिळाली. फुटबॉल व पर्यावरणशास्त्र या अर्थांच्या पोर्तुगीज शब्दांपासून हे नाव तयार केले आहे.

==वाद==
ऑक्टोबर २०१२ मध्ये पोर्तो अलेग्रे शहरात सार्वजनिक जागांच्या खाजगीकरणाविरुद्ध निदर्शने झाली. तेथे उभारलेल्या शुभंकराच्या हवा भरलेल्या भव्य प्रतिकृतीभोवती निदर्शक व पोलीस यांच्यात चकमक उडाली.

दुसरा आक्षेप वैज्ञानिकांचा होता. २०१४ मध्ये 'बायोट्रॉपिका' या नियतकालिकातील लेखात ब्राझिलियन संशोधकांनी सुचवले की, स्पर्धेतील प्रत्येक गोलामागे काटिंगाचे १,००० हेक्टर क्षेत्र संरक्षित करावे. स्पर्धेत एकूण १७१ गोल झाले. त्या हिशेबाने हे क्षेत्र १,७१,००० हेक्टर झाले असते. हा प्रस्ताव अमलात आला नाही. शुभंकरामुळे पर्यावरणविषयक जागृती झाली, अशी फिफाची भूमिका होती. तथापि मूळ प्राण्याच्या वाट्याला त्यातून फारसे काही आले नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

==नंतरच्या घडामोडी==
ब्राझील सरकारने २०१४ मध्ये या प्राण्याच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०१५ मध्ये पेर्नांबुको राज्याने 'तातू-बोला' याच नावाचे, सुमारे १ लाख १० हजार हेक्टरचे वन्यजीव आश्रयस्थान घोषित केले.