सैनिकी गणवेश आणि अधिकारीपण

वसतिगृहातील एखादा मुलगा वा मुलगी ‘मला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे’ असे म्हणू लागली, की पालकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : तिला सैनिकी शिस्तीच्या शाळा-महाविद्यालयात घालावे काय? त्यासाठी कर्ज काढण्याचीही काहींची तयारी असते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

सैन्य आपल्या समाजाला परके नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार व लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभारली गेली, पण १९२१ मध्ये तीही मोडण्यात आली. अखेर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. शिपायाच्या रांगेत पुन्हा उभे राहण्याचा हक्क मिळवण्यातच आपल्या पूर्वजांचे अर्धे शतक गेले. आज अधिकारीपदाची दारे खुली आहेत. ती कशी उघडतात हे माहीत असणे मात्र आवश्यक आहे.

सैनिकी शाळांचे महत्त्व नाकारता येणार नाही. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यास सुरू झाली. राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद येथे सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली; तेथे अकरावी-बारावीबरोबरच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करून घेतली जाते. अशा संस्थांत शरीर घडते आणि वेळेचे भान येते. त्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे तेथे परीक्षांची माहिती वेळेवर मिळते. आपली मुले मागे पडतात ती बहुधा याच ठिकाणी. बारावी होऊन दोन वर्षे लोटल्यावर कळते, की प्रबोधिनीचे वय उलटून गेले.

पण चांगला अधिकारी तेथेच घडतो काय? अलीकडचे दोन लष्करप्रमुख पाहा. २०२२ ते २०२४ या काळात त्या पदावर असलेले जनरल मनोज पांडे आपल्या नागपूरचे. त्यांचे शालेय शिक्षण वायुसेनानगरच्या केंद्रीय विद्यालयात झाले. त्यांच्यानंतर आलेले जनरल उपेंद्र द्विवेदी मात्र रीवा येथील सैनिक शाळेचे विद्यार्थी. वाटा वेगळ्या, दोघेही खडकवासल्याच्या प्रबोधिनीत पोहोचले आणि पुढे एकाच पदावर लागोपाठ बसले. अमेरिकेतही हेच दिसते. सैनिकी महाविद्यालयांची मोठी परंपरा असलेल्या त्या देशात जमैकाहून आलेल्या कुटुंबातील कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या साध्या सिटी कॉलेजात शिकले, तेथील छात्रसेनेतून अधिकारी झाले आणि १९८९ मध्ये सर्वोच्च सेनाधिकारी बनले.

याचे कारण निवडीच्या पद्धतीत आहे. प्रबोधिनीची लेखी परीक्षा ९०० गुणांची, आणि सेवा निवड मंडळाची चाचणीही ९०० गुणांचीच. ही चाचणी पाच दिवस चालते. मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे जण उमेदवाराला आपापल्या परीने पारखतात. संकटात तो काय करतो, सोबत्याला सांभाळतो काय, जबाबदारी अंगावर घेतो काय, हे ते पाहतात. पाठ केलेली उत्तरे आणि उसना रुबाब तिघांपुढे टिकत नाही. पंचशीलातील चौथे शील ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याला येथे वेगळे सोंग घ्यावे लागत नाही.

म्हणून पालकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली : नावात ‘सैनिकी’ शब्द असलेली कोणतीही खासगी संस्था अधिकारीपद देऊ शकत नाही. ते निवडीनंतर सेनादलाच्या प्रबोधिनीतील प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच मिळते. खडकवासल्याला त्या प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. दुसरी : बारावीनंतरची संधी हुकली तरी पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे. शिवाय महाविद्यालयात छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवी किमान ५० टक्के गुणांनी मिळवणाऱ्यास विशेष प्रवेशाद्वारे, लेखी परीक्षा न देता, निवड मंडळापुढे जाता येते. तिसरी : ही वाट मुलींचीही आहे. २०२२ मध्ये प्रबोधिनीत दाखल झालेली मुलींची पहिली तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडली.

आपल्या शाळेचेही यात कर्तव्य आहे. छात्रसेनेचे काम पाहणारे शिक्षक जेथे प्रशिक्षण घेतात ती अधिकारी प्रशिक्षण अकादमी धरमपेठेपासून फार दूर नाही, कामठीलाच आहे. शाळेत छात्रसेनेचे पथक असावे आणि सेनादलात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा तरी नववी-दहावीच्या मुलांशी बोलावे, एवढे जमले तरी मोठी उणीव भरून निघेल.

पहाटे वेळेवर उठणे, पंगतीत आधी धाकट्यांना वाढणे, आजारी सोबत्याच्या उशाशी रात्र काढणे आणि चूक झाल्यास ती कबूल करणे, हे शिक्षण वसतिगृहात रोज मिळते. गणवेशामुळे सुरुवात सोपी होते, हे खरे. पण त्या गणवेशाला शोभेल असा माणूस आधी घडावा लागतो. आणि ते काम आपल्या आवारातही होऊ शकते.