धडक बसली, खर्च कोणी करायचा?

सातारा–पंढरपूर रस्त्यावर दहिवडी ते म्हसवडच्या पट्ट्यात गाडीला गाडी घासली की जमलेली माणसे जागेवरच निवाडा करून मोकळी होतात. भांडण मिटते, पण चूक नसलेल्याचाही खिसा रिकामा होतो. कारण या निवाड्यांमागच्या समजुती कायद्याला धरून नसतात.

मोठी गाडी, म्हणजे तिचीच चूक.
लहान वाहनावरच्याला जास्त लागते, म्हणून सहानुभूती तिकडे वळते. ते माणुसकीला धरून आहे, पण त्यावरून चूक ठरत नाही. निष्काळजीपणा कोणाचा, हेच न्यायालय पाहते. बाजूच्या वाटेवरून न पाहता हमरस्त्यावर आलेला दुचाकीस्वारही दोषी ठरू शकतो. रात्री दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असेल, तर मागून धडकणाऱ्यावरच सगळा भार पडेल असे नाही. दोघे चुकले असतील तर भरपाईची वाटणी चुकीच्या प्रमाणात होते.

विमा चालू आहे, आपली गाडी दुरुस्त होणारच.
मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १४६ने सक्तीचा केलेला विमा ‘थर्ड पार्टी’ आहे, म्हणजे तो समोरच्याच्या नुकसानीचा. स्वतःच्या गाडीसाठी ‘ओन डॅमेज’ संरक्षण वेगळे घ्यावे लागते. पोलीस फक्त ‘इन्शुरन्स आहे का’ एवढेच विचारतात, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. ओन डॅमेज असूनही नेहमीच्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या बंपरवर ५० टक्के घसारा कापला जातो. बिल अर्धेच मंजूर झाले की गॅरेजवाल्याने फसवल्याचा संशय येतो, तो बहुतेकदा या कपातीमुळे.

गाडी विकली, नोटरी झाली, संबंध संपला.
सगळ्यात महागात पडणारा समज हाच. तो पटतोही, कारण पैसे हातात आलेले असतात, किल्ली दिलेली असते, स्टॅम्प पेपरवर दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. एमएच १०ची गाडी आटपाडीतून दहिवडीला जाते, तिथून आणखी कोणाकडे, आणि आरसी बुकात नाव पहिल्याचेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच तपासले. गाडी एकामागून एक चौघांना विकली गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या मालकावरच ठेवली गेली. तो दावा जीवितहानीचा होता, पण ‘मालक’ कोण याची मोटार वाहन कायद्यातली व्याख्या समोरच्याच्या गाडीच्या नुकसानीलाही तीच लागते. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. घेणारा टाळाटाळ करत असेल, तर विकणाऱ्याने आपला अर्ज देऊन पोच जपून ठेवावी. घेणाऱ्यालाही यात धोका आहे: थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर त्याच्याकडे येतो, ओन डॅमेज आपोआप येत नाही.

‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी आहे, म्हणजे काही मागता येत नाही.
पाटी लिहिली की कायदा बदलला, असे होत नाही. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलेली मोटार १९९८मध्ये चोरीला गेली. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरले. मुद्दा किल्ली सोपवण्याचा आहे. मोकळ्या जागेत स्वतः गाडी लावून किल्ली खिशात ठेवली, तर हा आधार मिळेलच असे नाही. गॅरेजलाही तेच लागू: १८७२च्या करार कायद्याप्रमाणे ताब्यातली गाडी स्वतःच्या वस्तूइतक्या काळजीने सांभाळणे मेस्त्रीवर बंधनकारक आहे आणि ट्रायल मारताना त्याच्या हयगयीने ती ठोकली गेली तर खर्च त्याचा. मात्र ठरलेल्या दुरुस्तीचे बिल थकले असेल, तर ते चुकते होईपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्कही त्याच कायद्याने त्याला दिला आहे.