डावपेचांचे खेळ आणि लांबलेल्या दुरुस्त्या

बुद्धिबळाचा पट एकदा विकत घेतला की दुकानदाराशी खेळणाऱ्याचा संबंध संपतो. ६४ घरे, ३२ मोहरी आणि त्यांच्या चाली एवढे भांडवल जन्मभर पुरते. घोडा अडीच घरे चालतो, हे आजोबांनी नातवाला शिकवावे आणि नातवाने ते पुढे आपल्या नातवाला शिकवावे, इतके हे ज्ञान टिकाऊ असते. या खेळाचे नियम कोणा एकाच्या मालकीचे नाहीत आणि ते रातोरात बदलण्याचा अधिकारही कोणा विक्रेत्याला नाही.

संगणकावरील डावपेचांच्या खेळांची स्थिती याहून वेगळी आहे. तेथे पट, मोहरी आणि नियम या तिन्ही गोष्टी एका कंपनीच्या मालकीच्या असतात. खेळ विकला गेल्यानंतरही कंपनी त्याचे नियम बदलू शकते, त्यातील दोष दुरुस्त करू शकते किंवा ते तसेच राहू देऊ शकते, आणि खेळाचे नवे भाग वेगळी किंमत लावून विकू शकते. गेल्या काही वर्षांत या खेळांच्या चाहत्यांमध्ये जी नाराजी वारंवार उफाळून आली, तिचे मूळ या व्यवस्थेत आहे.

खेळाचे स्वरूप

या प्रकारच्या खेळात खेळाडू एखाद्या राज्याचा कारभार हाती घेतो. करवसुली, व्यापार, सैन्य, तह, वारसाहक्क, धर्म आणि विद्या अशा अनेक बाबींचा त्याला एकाच वेळी विचार करावा लागतो. १९९१ साली अमेरिकेतील मायक्रोप्रोज कंपनीने प्रसिद्ध केलेला, सिड मायर व ब्रूस शेली यांनी रचलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा या परंपरेतील एक आद्य आणि अतिशय प्रभावी खेळ होय. स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ या मालिकेने ही गुंतागुंत आणखी वाढविली. त्या मालिकेतील २०१३ साली आलेल्या चौथ्या खेळाचा काळ १४४४ पासून १८२१ पर्यंतचा आहे. त्याचा एक डाव पुरा करण्यास कित्येक आठवड्यांच्या संध्याकाळी खर्ची पडतात.

हे खेळ सहजासहजी अवगत होत नाहीत. त्यांच्या नियमांचे परस्परसंबंध उमगण्यासाठी शेकडो तास द्यावे लागतात. म्हणजे खेळाडूने पैशांखेरीज दुसरीही एक गुंतवणूक केलेली असते आणि ती असते शिकण्याच्या कष्टांची. खेळात दोष राहिला किंवा त्याचे नियम अचानक पालटले, तर धक्का प्रथम या दुसऱ्या गुंतवणुकीला बसतो. धावपळीच्या किंवा नेमबाजीच्या खेळांपेक्षा येथील खेळाडू अधिक चिकित्सक आणि अधिक हट्टी का असतो, याचे कारण यातच आहे.

डब्यात मिळणारा खेळ

१९९० च्या दशकात संगणकावरील खेळ पुठ्ठ्याच्या डब्यात मिळे. डब्यात चकत्या आणि जाडजूड माहितीपुस्तिका असे. खेळ बाजारात गेल्यानंतर त्यात चूक आढळली, तर दुरुस्तीचा छोटा कार्यक्रम म्हणजेच ‘पॅच’ खेळाडूंपर्यंत पोहोचविणे जिकिरीचे होते. अनेकदा संगणकविषयक मासिकांबरोबर मिळणाऱ्या चकतीवरून तो मिळवावा लागे. त्यामुळे खेळ होता होईल तो पुरा करूनच डब्यात भरणे उत्पादकाच्या हिताचे होते.

विस्तार-संच त्या काळीही होते. ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा खेळ १९९७ साली आला व ‘द राइज ऑफ रोम’ हा त्याचा विस्तार १९९८ साली. ‘स्टारक्राफ्ट’ आणि त्याचा ‘ब्रूड वॉर’ हा विस्तार दोन्ही १९९८ मधलेच. अशा खेळाला बहुधा एखादा विस्तार निघे आणि तेथे विषय संपे. त्यात भर काय पडली हे डबा पाहूनच कळत असे, आणि तो न घेणाऱ्याचा मूळ खेळ जसाच्या तसा राही.

घराघरांत वेगवान इंटरनेट आल्यावर हे चित्र बदलले. दुरुस्ती काही मिनिटांत जगभर पाठविता येऊ लागली. पण त्याच सोयीमुळे खेळ अपुरा असतानाच विकून पुढे तो सावकाश पुरा करणेही शक्य झाले. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ चा पहिला मोठा विस्तार जानेवारी २०१४ मध्ये निघाला आणि शेवटचा मे २०२४ मध्ये. या दहा वर्षांत विकत घ्यावयाचे लहानमोठे वीसहून अधिक विस्तार आले. २०२१ साली कंपनीने हे सर्व विस्तार दरमहा सुमारे ५ डॉलर वर्गणी भरून वापरण्याचीही सोय केली. याच कंपनीचा ‘क्रुसेडर किंग्ज २’ हा २०१२ मधील खेळ ऑक्टोबर २०१९ पासून विनामूल्य मिळू लागला, परंतु त्याच्या विस्तारांना किंमत पडतच राहिली. मूळ खेळ हे जणू प्रवेशद्वार झाले आणि खरा व्यापार आतल्या दालनांचा होऊ लागला.

फुकट दुरुस्ती आणि विकत विस्तार

या पद्धतीत प्रत्येक विस्ताराबरोबर एक विनामूल्य पॅचही निघतो. पॅच सर्वांना मिळतो आणि विस्तार फक्त पैसे देणाऱ्याला. वरवर पाहता ही वाटणी उदार वाटते. प्रत्यक्षात या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी, हाच वादाचा मुख्य मुद्दा ठरला आहे.

एक उदाहरण भारताशीच निगडित आहे. ‘क्रुसेडर किंग्ज २’ मध्ये आरंभी भारत नव्हता. मार्च २०१४ मध्ये ‘राजाज ऑफ इंडिया’ हा विस्तार निघाला, तेव्हा नकाशा सर्वांसाठीच भारतापर्यंत वाढविण्यात आला. विस्तार न घेणाऱ्यांच्या नकाशावरही भारतीय राजे वावरू लागले आणि त्या असंख्य नव्या व्यक्तींचा हिशेब ठेवण्याचा भार त्यांच्याही संगणकावर पडला. हिंदू, बौद्ध किंवा जैन राजा होऊन खेळावयाचे असेल, तर मात्र पैसे मोजणे भाग होते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जून २०१५ मध्ये ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ साठी ‘कॉमन सेन्स’ हा विस्तार आला. त्याच्या सोबतच्या विनामूल्य पॅचने प्रांतांचे मूल्य मोजण्याची पद्धत आणि किल्ल्यांचे नियम सर्वांसाठी बदलून टाकले. परंतु आपल्या प्रांताचा विकास स्वतः घडवून आणण्याचे साधन विस्तार घेणाऱ्यालाच मिळाले. अशा वेळी विस्तार न घेणारा खेळाडू पूर्वीच्या जागी राहत नाही. त्याच्या पायाखालची जमीन बदललेली असते आणि त्या जमिनीवर चालण्याची काठी दुकानात ठेवलेली असते. डब्यातल्या विस्ताराबाबत असा प्रसंग सहसा उद्भवत नसे.

दुरुस्ती का लांबते?

दोष उघड दिसत असताना तो दूर करण्यास महिनोन्महिने का लागतात, असा प्रश्न खेळाडू विचारतात. या विलंबात आळसाचा भाग नसतोच असे नाही, पण त्याची काही कारणे खेळाच्या रचनेतच आहेत.

पहिले कारण गणिताचे आहे. एखाद्या खेळाचे दहा विस्तार असतील आणि त्यांपैकी कोणते घ्यावयाचे हे प्रत्येक खेळाडूच्या मर्जीवर असेल, तर खेळाची १,०२४ निरनिराळी रूपे संभवतात. विस्तार वीस झाले, तर ही संख्या १०,४८,५७६ होते. केलेली दुरुस्ती यांपैकी प्रत्येक रूपात नीट चालेल याची चाचणी घेणे कोणत्याही कंपनीला शक्य नाही. नेमक्या नेहमीच्या जुळण्या तपासल्या जातात आणि उरलेल्यांत नवे दोष निपजतात.

दुसरे कारण नियमांच्या परस्परावलंबनाचे. भिंतीची एक वीट बदलावी तसा येथे एक नियम सुटा बदलता येत नाही. घोडदळ थोडे स्वस्त केले, तर घोडदळावर भिस्त असलेली राज्ये बलिष्ठ होतात, त्यांचे शेजारी लवकर नष्ट होतात आणि शंभर वर्षांनंतरचा नकाशा निराळाच दिसू लागतो. अशा बदलाचा परिणाम पाहावयाचा, तर संपूर्ण डाव पुनःपुन्हा खेळून पाहावे लागतात.

तिसरे कारण संगणक-प्रतिस्पर्ध्याचे. नवा नियम माणूस वाचून समजू शकतो. संगणकाने चालविलेल्या राज्यांना मात्र तो वापरावयास प्रत्येक वेळी वेगळे शिकवावे लागते. हे काम कष्टाचे असून त्याची जाहिरात करता येत नाही. म्हणून ते मागे पडते, आणि नवी सोय माणसाच्या हाती येते पण प्रतिस्पर्ध्याला तिचा उपयोग करता येत नाही. डाव त्यामुळे सोपा आणि नीरस होतो.

चौथे कारण मनुष्यबळाचे. दुरुस्ती करणारे आणि विस्तार रचणारे बहुधा एकाच चमूतील असतात. विस्तारातून पगार निघतात, दुरुस्तीतून थेट उत्पन्न होत नाही. पॅच आणि विस्तार एकाच दिवशी प्रसिद्ध करण्याची प्रथा पडली, म्हणजे जुन्या दोषाची दुरुस्ती नव्या मालाच्या मुहूर्तासाठी थांबून राहते. शिवाय प्रत्येक पॅचनंतर हौशी खेळाडूंनी खेळात केलेले स्वतःचे विनामूल्य फेरफार निकामी होण्याचा आणि अर्धवट राहिलेले डाव बिघडण्याचा संभव असतो. त्यामुळे दुरुस्ती उशिरा आली तरी तक्रार होते आणि वरचेवर आली तरी होते.

नाराजीचे काही प्रसंग

२७ एप्रिल २०२१ रोजी ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ चा ‘लेव्हायथन’ हा विस्तार निघाला. त्यात इतके दोष होते की, ‘स्टीम’ या विक्रीकेंद्रावरील खरेदीदारांच्या अभिप्रायांत तो त्या वेळी अगदी तळाला गेला. रचनाकार जोहान अँडरसन यांनी जाहीर क्षमा मागितली आणि त्यानंतर एकामागून एक दुरुस्त्या काढाव्या लागल्या. याच कंपनीचा ‘इंपरेटर : रोम’ हा खेळ एप्रिल २०१९ मध्ये आला होता. त्याचा सर्वांगीण कायापालट करणारा विनामूल्य पॅच फेब्रुवारी २०२१ मध्ये निघाला आणि त्याचे स्वागतही झाले. परंतु तोवर पुष्कळ खेळाडू निघून गेले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये खेळाचे पुढील काम थांबविण्यात आले. चांगली दुरुस्तीही फार उशिरा आली तर व्यर्थ जाते, हे यावरून दिसते.

इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेम्ब्ली या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘टोटल वॉर : वॉरहॅमर ३’ साठी ‘शॅडोज ऑफ चेंज’ हा विस्तार काढला. त्याची किंमत आधीच्या तशाच संचांहून बरीच अधिक होती आणि मानाने आतील सामग्री तुटपुंजी वाटत होती. मूळ खेळातील जुने दोष कायम असताना ही वाढ झाल्याने असंतोष भडकला. कंपनीने प्रथम वाढत्या खर्चाचे कारण पुढे केले. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र तिने चूक कबूल केली, या विस्तारात विनामूल्य भर घालण्याचे आश्वासन दिले आणि ‘फेरो’ या आपल्या दुसऱ्या खेळाची किंमत उतरवून आधीच्या खरेदीदारांना काही रक्कम परत केली. विस्तारातील ही भर फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाली.

नगररचनेचे खेळ हे डावपेचांच्या खेळांचे निकटचे आप्त. फिनलंडमधील कलोसल ऑर्डर या चमूचा ‘सिटीज : स्कायलाइन्स २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, तेव्हा तो चांगल्या संगणकांवरही अडखळत चाले. ही तक्रार दूर होण्यापूर्वीच मार्च २०२४ मध्ये ‘बीच प्रॉपर्टीज’ हा संच विक्रीस ठेवण्यात आला. घराचे छप्पर गळत असताना घरमालकाने अंगणातील कारंज्याची वर्गणी मागावी, तसा हा प्रकार खेळाडूंना वाटला. एप्रिलमध्ये निर्माते व प्रकाशक यांनी संयुक्तपणे क्षमा मागितली, संच विनामूल्य केला, पैसे परत करण्याची व्यवस्था केली आणि मूळ खेळ सुधारण्यास अग्रक्रम देण्याचे मान्य केले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिव्हिलायझेशन ७’ बाबतही हेच सूर उमटले. पडद्यावरील माहितीची मांडणी अपुरी असल्याची तक्रार होत असतानाच, मूळ खेळात नसलेले ग्रेट ब्रिटन महिनाभराच्या आत विकतच्या संचातून देण्यात आले.

प्रश्न किमतीपुरता नाही

या प्रसंगांचा एकत्र विचार केला असता एक गोष्ट ध्यानात येते. खेळाडूंचा विरोध विस्तार विकण्याला नाही. दहा वर्षे एकाच खेळावर काम करणाऱ्या माणसांना दहा वर्षे वेतन मिळाले पाहिजे, आणि ते मूळ खेळाच्या एकदाच येणाऱ्या किमतीतून निघू शकत नाही, हे बहुतेक जण जाणतात. विस्तार नसते, तर २०१३ मधील खेळ २०२४ पर्यंत वाढतच राहिला नसता. मोफत दुरुस्त्यांचा खर्चही अखेर विस्तार घेणाऱ्यांच्याच खिशातून भागतो.

विरोध आहे तो क्रमाला. आधी विकलेल्या वस्तूतील उणीव भरून काढणे हे विक्रेत्याचे ऋण आहे आणि नवा माल विकणे हा त्याचा व्यवसाय आहे. ऋण फेडण्यापूर्वी व्यवसाय मांडला, किंवा ऋणाची फेड हाच नवा माल म्हणून पुढे केला, तर अल्प किंमतही जाचक वाटते. याउलट आधीचे दोष निस्तरलेले असतील, पुढील दुरुस्त्यांची निश्चित वाच्यता झालेली असेल आणि मोफत काय व विकत काय हे आधी स्पष्ट केलेले असेल, तर मोठी किंमतही खळखळ न करता दिली जाते.

या व्यवहारात खेळाडूजवळ फारसे अधिकार नाहीत. नियम बदलण्याचा हक्क त्याच्याकडे नाही, आणि जुन्या नियमांनुसार खेळत राहण्याची मुभाही प्रत्येक कंपनी देतेच असे नाही. असंतोषाचा जाहीर अभिप्राय आणि पुढील खरेदीस नकार एवढीच साधने त्याच्या हाती उरतात. २०२१, २०२३ आणि २०२४ मधील क्षमायाचना पाहता ही साधने निष्फळ ठरलेली नाहीत. मात्र प्रत्येक वेळी ती वापरावी लागणे दोन्ही पक्षांच्या तोट्याचे असते, कारण शेकडो तास खर्चून खेळ आत्मसात करणारा खेळाडू एकदा उठून गेला की त्याच्या जागी तसाच दुसरा तयार होण्यास पुन्हा तेवढाच काळ लागतो.