रुसलेली ठिणगी

मुलांनो, स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळेत काय धांदल असते ते मी तुम्हांला वेगळे सांगायला नको! कुणाची मिशी निघालेली, कुणाचा फेटा सुटलेला. आमच्या खेड्यातल्या शाळेतही मागच्या संमेलनाला हीच गडबड चालू होती. संध्याकाळचे सहा वाजले होते. पालक मैदानात येऊन बसले होते आणि नेमकी वीज गेली.

“घाबरू नका रे, आपला जनरेटर आहे ना!” मी ऐटीत म्हटले.

पेट्रोलवर चालणारा हा छोटा जनरेटर आधीच्या संमेलनानंतर कोठीत ठेवला होता. तो त्या दिवशीच बाहेर निघाला. सातवीतल्या मुलांनी उचलून तो मंचामागच्या उतारावर ठेवला. शिपाईमामांनी दोरी ओढली. घर्र... आणि गप्प. पुन्हा ओढली. पुन्हा गप्प. वीस वेळा ओढून मामांचा खांदा दुखायला लागला, पण इंजिन काही बोलेना. शेवटी एक मुलगा सायकलवर टांग टाकून गावातल्या मिस्त्रींना बोलवायला गेला.

इंजिनाला काय हवे?

मिस्त्रीकाका आले. त्यांनी दोरीला हातसुद्धा लावला नाही. आधी मुलांनाच विचारले, “इंजिन चालायला काय काय लागतं, सांगा बरं?”

“पेट्रोल!” सगळे ओरडले.

“आणखी?”

कोणीच बोलेना. मग काकांनी तीन बोटे दाखवली. “हवा, पेट्रोल आणि ठिणगी. यातलं एक जरी रुसलं तरी इंजिन बसलं! आणि चौथं ऑइल. ते जळायचं नसतं, पण ते नसेल तर इंजिन स्वतःच घासून मरतं.”

चौथीतल्या एका मुलीने विचारले, “पण काका, जनरेटरला बॅटरी कुठंय? मग ठिणगी येते कुठून?”

किती चांगला प्रश्न! त्याचे उत्तर असे. इंजिनावर एक जड चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्यात लोहचुंबक बसवलेले असते. चाक फिरले की चुंबक तारेच्या एका गुंडाळीजवळून, म्हणजे कॉइलजवळून, झर्रकन जाते आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. चुंबक हलवून वीज तयार होते हे मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने 1831 साली दाखवले. कॉइल त्या विजेचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढवते. ती वीज प्लगच्या टोकाशी येते आणि तिथल्या बारीकशा फटीतून उडी मारते. तीच ठिणगी!

आमच्या जनरेटरचे इंजिन मिनिटाला सुमारे 3000 फेरे घेते. म्हणजे सेकंदाला 50. दर दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोलचा भडका उडतो. मोजा पाहू, सेकंदाला किती भडके झाले? पंचवीस!

काकांची तपासणी

काकांनी जनरेटर आधी सपाट जागेवर घेतला आणि ऑइल पाहिले. ते कमी होते. “छोट्या जनरेटरला बहुधा एक राखणदार असतो,” काका म्हणाले. “ऑइल कमी झालं की तो ठिणगीच बंद करतो. म्हणजे इंजिन वाचतं. आणि जनरेटर उतारावर ठेवला की ऑइल एका बाजूला सरकतं, मग राखणदार उगाच फसतो.”

ऑइल घातले. मग प्लगपान्याने प्लग काढला. तो काजळी धरून काळा झाला होता. “प्लग म्हणजे इंजिनाची जीभ,” काका म्हणाले. “डॉक्टर जीभ बघतात ना, तसा मी प्लग बघतो.” टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, म्हणजे बहुधा एअर फिल्टर धुळीने भरलेला. प्लग तेलकट ओला असेल तर ऑइल आत शिरते आहे. आणि पांढराफटक असेल तर इंजिन फार तापते आहे.

काकांनी प्लग पुसला आणि एका पातळ पट्टीने फट मोजली. आमच्या इंजिनाला ती 0.7 ते 0.8 मिलिमीटर लागते. तुमच्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरहूनही कमी! फट फार वाढली तर ठिणगीला उडी मारता येत नाही, फार कमी झाली तर ठिणगी दुबळी पडते. मग एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, वाळवून बसवला.

आता दोरी ओढली. इंजिन सुरू झाले! मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण अर्ध्या मिनिटात ते पुन्हा बंद पडले.

“आता आलं लक्षात,” काका म्हणाले. “पेट्रोल शिळं झालंय.”

न वापरताच बिघडला!

“पण आम्ही तर तो वर्षभर वापरलाच नाही. मग बिघडला कसा?” मी विचारले.

“बाई, म्हणूनच बिघडला!”

पेट्रोल पडून राहिले की त्याचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, ते हवेतली ओल शोषून घेते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जाण्याचे भोक सुईच्या टोकाएवढे बारीक असते. त्यात ती राळ अडकली, की झाले! काकांनी शिळे पेट्रोल काढले, कार्बोरेटर खोलून साफ केला आणि ताजे पेट्रोल भरले.

अमेरिकेत काही लोक चाकांवरच्या घरातून प्रवास करतात. एका मोठ्या गाडीतच स्वयंपाकघर, बिछाने आणि पोटात बसवलेला जनरेटर! ही गाडी कित्येक महिने उभी असते. तिथेही हीच तक्रार. म्हणून अशा जनरेटरचे कारखानदार सांगतात, की गरज नसली तरी दर महिन्याला साधारण दोन तास, निम्मा भार देऊन तो चालवा. त्यामुळे ताजे पेट्रोल खेळते राहते आणि आतली ओल उडून जाते.

माझी चूक

आता इंजिन छान धडधडू लागले, पण आवाज केवढा! मुलांचे संवाद ऐकू येईनात. मी म्हटले, “शेजारच्या वर्गात ठेवू या. दार लावलं की आवाज येणार नाही.” त्याच वर्गात नाचाच्या मुली तयार होत होत्या.

काकांचा चेहराच बदलला. “बाई, हे कधीही करू नका!”

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्याला धरून ठेवते. मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, माणूस बेशुद्ध पडतो आणि प्राणही जातो. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, तरी भागत नाही. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी शिकवणारी, पण त्या दिवशी मीच शिकले.

जनरेटर मैदानाच्या टोकाला, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवला. लांब वायर जोडली. दिवे लागले, नाटक झाले, आणि उशिरा का होईना, संमेलन रंगले!

जनरेटरची वही

आता आमच्या शाळेत कोठीच्या दाराला एक वही टांगलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शिपाईमामा जनरेटर उघड्यावर आणून चालवतात. मुले लांब उभी राहून तारीख, ऑइलची पातळी आणि किती मिनिटे चालला ते लिहितात. ऑइल दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचे, अशी नोंद पहिल्याच पानावर आहे. बराच काळ वापर नसेल तेव्हा टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवायचे, हेही लिहिले आहे.

पालकांनो, घरी किंवा दुकानात जनरेटर असेल तर एवढे सांभाळा. गरम इंजिनात पेट्रोल भरू नका. आधी बंद करा, थंड होऊ द्या. जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये खोचू नका. ती वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. आणि मुलांनो, प्लग काढणे, पेट्रोल भरणे ही मोठ्यांची कामे. तुमचे काम डोळे उघडे ठेवून पाहण्याचे, प्रश्न विचारण्याचे आणि वही लिहिण्याचे!

परवा वही तपासताना त्या चौथीतल्या मुलीने लिहिलेली ओळ दिसली : “आज जनरेटर पहिल्याच दोरीत सुरू झाला. ठिणगी रुसली नाही.”

मी खाली लाल शाईने लिहिले, “शाब्बास!”