हॉकी खेळून पोट भरतं का?

काही दिवसांपूर्वी आमच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. खांद्याला हॉकीची स्टिक, हातात परीक्षेचा फॉर्म. वडिलांनी घरी बजावले होते, "आता शेवटचे वर्ष. खेळ पुरे झाला." तिने मला विचारले, "सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना? मग सांगा, हॉकी खेळून पोट भरतं का?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर काही एका वाक्यात देता येईना. विचार करता असे दिसले, की खेळाडू स्त्रीच्या पदरात पडणाऱ्या मोबदल्याचे तीन प्रकार आहेत : मान, नोकरी आणि करार.

पहिला मान. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची हॉकी प्रथमच आली. सहा संघांत आपला चौथा क्रमांक लागला. त्या संघात पुण्यात जन्मलेल्या एलिझा नेल्सन होत्या, महाराष्ट्राच्याच रेखा मुंडफन होत्या. पुढे १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. मान मोठाच, पण मानाने घरभाडे भागत नाही! आणि हे काही आपल्याच देशातले रडगाणे नव्हे. मॉस्कोला सुवर्णपदक जिंकले ते झिंबाब्वेच्या मुलींनी. प्रत्येकीला एकेक बैल देण्याचे कबूल झाले होते आणि हाती पडली ती मांसाची पुडकी, असे सांगतात.

दुसरा प्रकार नोकरीचा. ही आपल्याकडची खरी मळलेली वाट. रेल्वे, पोलीस, बँका खेळाडूंना नोकरीत घेतात. आपल्या राज्यातही सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. खेळाडू हजेरीपटावर कारकून किंवा तिकीट तपासनीस असते, पण सरावासाठी आणि स्पर्धांसाठी तिला सवलत मिळते. रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षे राष्ट्रीय स्पर्धा गाजवत आला, त्याचे मर्म इथे आहे. मुलींना पगार देऊन खेळू देणारे दुसरे होते कोण?

तिसरा करार. यात खेळ हाच धंदा. याचे ताजे उदाहरण आहे अमेरिका आणि कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीचे. तिथे स्त्रियांची ही हॉकी १९९८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. तरी कित्येक खेळाडू दिवसा नोकरी करून रात्री सराव करीत. २०१९ मध्ये कॅनडातली त्यांची लीग बंद पडली. तेव्हा दोनशेच्या आसपास खेळाडूंनी ठरवले, की नीट पगार आणि नीट सोयी मिळेपर्यंत उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याच लीगमध्ये खेळायचे नाही. जवळजवळ पाच वर्षांनी, १ जानेवारी २०२४ रोजी, सहा संघांची नवी लीग सुरू झाली. खेळाडूंच्या संघटनेने आधीच लेखी करार करून घेतला होता. किमान पगार ३५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे २९ लाख रुपये. शिवाय घरभाड्याला मदत आणि बाळंतपणाची रजा.

आपल्याकडे हॉकी इंडिया लीगमध्ये स्त्रियांचे सामने जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले. लिलावात उदिता या खेळाडूला सर्वाधिक ३२ लाखांची बोली लागली. आकडा ऐकून डोळे दिपतात; पण ही सर्वांत वरची बोली, आणि हंगाम मोजक्या आठवड्यांचा, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तिकडे ठरवून घेतला तो सर्वांत खालचा पगार. संघातल्या शेवटच्या मुलीचे काय, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला.

आता हिशेब मांडू. खेळाची वर्षे फार तर दहा-बारा. गुडघा दुखावला तर तीही नाहीत. त्यानंतर आयुष्याची तीस-चाळीस वर्षे उरतात. करार खेळाबरोबर संपतो. नोकरी मागे उरते. म्हणून आज तरी शहाणपण दोन्ही दोर हातात ठेवण्यात आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे यांसारख्या मुली भारतीय संघापर्यंत पोचल्या. गुण आहेत, जिद्द आहे. त्यांच्या मागून येणाऱ्या शंभरजणींपैकी नव्व्याण्णव भारतीय संघात पोचणार नाहीत. त्यांच्या पोटाची सोय जिथे होते, तिथेच खेळ रुजतो.

मी त्या मुलीला म्हटले, "बाई गं, पोट भरतं, पण नुसत्या स्टिकवर नाही. परीक्षेचा फॉर्मही भर आणि निवडचाचणीलाही जा." तिच्या वडिलांनाही मी भेटलो. ते बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "चाचणी कुठल्या गावाला आहे? सोबत मी जाईन."