विश्लेषण : आतली पातळी दिसत नसताना बिअरचा ग्राउलर नेमका किती भरायचा?

शनिवारची संध्याकाळ, पुण्यातली एखादी मायक्रोब्रुअरी. काउंटरवर स्टीलचा ग्राउलर ठेवलाय, म्हणजे ताजी बिअर घरी न्यायचा झाकणाचा जग. नळ सुरू होतो. जगाच्या तोंडाशी पांढरा फेस येतो, कडेवरून ओघळतो, भरणारा चटकन नळ बंद करतो आणि झाकण लावतो. गिऱ्हाईक पूर्ण जगाचे पैसे देऊन निघते. घरी जाऊन पेल्यांत ओतले की कळते, जग पाऊणच भरलेला होता. उरलेले काय, तर फेस. त्यातला निम्मा काउंटरच्या ट्रेमध्ये.

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात मायक्रोब्रुअरींना ग्राउलरमधून बिअर घरी देण्याची मुभा मिळाली आणि हे जग इथल्या ओळखीचे झाले. काचेच्या तपकिरी ग्राउलरमध्ये पातळी अंधूक का होईना, दिसते. स्टीलच्या, त्यातही दुहेरी भिंतीच्या जगात काहीच दिसत नाही. मग थांबायचे कधी?

उतू गेला म्हणजे भरला का?

नाही. सगळी गडबड याच समजुतीतून होते. पाण्याच्या हंड्यात पाणी काठावरून सांडले म्हणजे हंडा भरला, हे बरोबर. बिअरचे वागणे दुधासारखे असते. अर्धे पातेले दूधसुद्धा उतू जाते, कारण वर येतो तो फेस.

थोडे गणित करू. साधारण बिअरच्या एका लिटरमध्ये सुमारे अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. अमेरिकेत रूढ असलेला ग्राउलर ६४ औंसांचा, म्हणजे १.८९ लिटरचा. त्यातल्या बिअरमध्ये जवळपास ४.७ लिटर वायू दडलेला असतो. भरताना यातला फक्त दहावा हिस्सा बाहेर पडला आणि त्याचे बुडबुडे टिकले, तर जगाची पाव जागा नुसत्या वायूने व्यापते. बिअर अजून तीन-चार बोटे खाली असताना फेस मात्र तोंडाशी पोहोचलेला असतो.

म्हणजे अपारदर्शक जगात एकाच वेळी दोन उलट चुका होतात. फेस ओसंडून बिअर वाया जाते आणि जगही कमी भरतो. कोणी अतिउत्साही भरणारा फेस बसायची वाट पाहत थोडी-थोडी ओतत राहिला, तर तिसरी चूक होते. जग गच्च भरतो. ही चूक सगळ्यात धोकादायक, पण तिच्याकडे नंतर येऊ.

फेस मुळात का होतो?

तीन कारणे सगळ्यांत जास्त छळतात : उष्णता, खळखळाट आणि घाण. नळातून येणारी बिअर ३ ते ४ अंश सेल्सिअसला असते. जग मात्र गाडीच्या डिकीतून आलेला, ३० अंशांचा. अर्धा किलो स्टील थंड करण्यात पूर्ण भरलेल्या जगातली बिअर सरासरी एका अंशानेही तापत नाही, असे हिशेब सांगतो. पण सरासरी फसवी असते. गरम धातूला आधी भिडते ती सुरुवातीची थोडीशी बिअर, आणि तीच फेसाळून वरची जागा अडवते. म्हणून भरण्याआधी जग गार पाण्याने विसळून घेणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. ओल्या पृष्ठभागावर बुडबुडेही कमी धरतात. आत सुकलेल्या बिअरचा थर किंवा ओरखडे असतील, तर तिथे बुडबुड्यांना जन्म घ्यायला आयती जागा मिळते.

खळखळाटावरचा उपाय म्हणजे नळाच्या तोंडाला लावलेली लांब नळी. ती तळापर्यंत जाते, तिचे टोक सतत बिअरखाली राहते आणि बिअर वरून आदळण्याऐवजी खालून शांतपणे चढते.

वजनकाटा : साधा, स्वस्त आणि फेसाला न फसणारा

फेसाला आकारमान असते, वजन जवळपास नसते. त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही ते काट्याला कळते. तयार बिअरची घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त, १.०१ च्या आसपास असते. म्हणजे एक लिटर बिअर साधारण १ किलो १० ग्रॅम. रिकामा जग काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि ठरलेल्या आकड्याला नळ बंद करायचा. १.८९ लिटरसाठी हा आकडा सुमारे १.९१ किलो.

फक्त एक पूर्वतयारी लागते. जगावर छापलेले माप काठापर्यंतचे आहे की वरची मोकळी जागा सोडून, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असू शकते. म्हणून घरी एकदा जग पाण्याने काठोकाठ भरून वजन करावे. समजा पाणी २,००० ग्रॅम भरले. त्यातून ५ टक्के जागा सोडली, तर १,९०० मिलिलिटर उरतात. बिअरमध्ये हे झाले साधारण १,९२० ग्रॅम. हा आकडा मार्करने जगाच्या बुडाला लिहून ठेवला की काम कायमचे झाले.

इथे आर्किमिडीज मधे येतो. (इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर त्याची इतक्या लवकर गरज पडेल असे वाटले नव्हते.) भरण्याची नळी जगाला टेकलेली नसली, नुसती बिअरमध्ये बुडालेली असली, तरी तिने जितकी बिअर बाजूला सारली तितके वजन काट्यावर जास्त दिसते. १० मिलिमीटर जाडीची नळी २५ सेंटीमीटर बुडाली असेल, तर हा फरक सुमारे २० ग्रॅमचा. फार नाही, पण शेवटचे वजन नळी काढल्यावरच वाचावे. नळी तळाला टेकवून धरली, तर मात्र हाताचा दाबही काट्यावर जातो आणि आकड्याला काहीच अर्थ राहत नाही.

सेकंद मोजून भरणारेही असतात. व्यवस्थित लावलेल्या नळातून सेकंदाला साधारण ६० मिलिलिटर बिअर येते, म्हणजे १.८९ लिटरला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ. पण पिंपातला दाब बदलला किंवा नळी तापली की हा हिशेब कोलमडतो.

कानाने कळते ना?

पाण्याचे कळते. पहाटे नळाला पाणी येणाऱ्या घरांत कळशी भरत आल्याचे स्वयंपाकघरातूनच ओळखतात. भांड्यातली हवेची पोकळी लहान होत जाते, तसा आवाज चढतो. सरळ उभ्या भांड्यात २५ सेंटीमीटर पोकळी उरली असेल, तर तिचा मूळ स्वर ३४० हर्ट्झच्या आसपास असतो. ५ सेंटीमीटर उरली की तो १,७०० च्या पुढे जातो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक केब आणि जॉन पिटेंजर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माणसे केवळ ऐकून भांडे हव्या त्या पातळीपर्यंत भरू शकतात, हे दाखवले होते. त्यात अंध व्यक्तीही सहभागी होत्या.

बिअरच्या बाबतीत कान दगा देतो. नळी तळाशी बुडालेली असल्याने धारेचा आवाजच होत नाही. झाला तरी वरचा फेस तो गिळतो. बाहेरून टिचकी मारून पाहणेही फसवे ठरते. बुडबुडे भरलेल्या द्रवात ध्वनीचा वेग प्रचंड घटतो, त्यामुळे टिचकीचा स्वर खाली उतरतो आणि बुडबुडे विरले की पुन्हा वर चढतो. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ मध्ये याच परिणामावर शोधनिबंध लिहिला. त्याचे नाव ‘हॉट चॉकलेट इफेक्ट’, कारण तो कपातल्या गरम पेयावर चमचा वाजवून ऐकता येतो. पातळी तीच, स्वर मात्र बदलतो.

गॅस सिलिंडरची युक्ती

सिलिंडरमध्ये किती गॅस उरला हे पाहायला आपल्याकडे त्याच्यावर ओले फडके फिरवतात. जिथे आत द्रव आहे तिथला ओलावा उशिरा सुकतो, रेघ दिसते. एकेरी भिंतीच्या स्टीलच्या जगात हीच गोष्ट आपोआप घडते. मुंबईच्या दमट हवेत थंड बिअर जिथपर्यंत चढली तिथपर्यंत बाहेर दव धरते आणि ही रेघ पातळीबरोबर वर सरकते. कोरड्या हवेत हात फिरवूनही गारठा कुठे संपतो ते कळते. फेस धातूला तितका गार करत नाही, म्हणून ही खूण बरीच विश्वासाची. मात्र निर्वात दुहेरी भिंतीच्या जगात ती चालत नाही. उष्णता बाहेरून आत येऊ नये म्हणूनच तो बनवलेला असतो. तिथे काटाच.

मग कारखान्यात काय करतात?

बिअरचा ॲल्युमिनियमचा कॅनही अपारदर्शकच असतो. पण कारखान्यात तो भरताना आत पाहावे लागतच नाही. एक पद्धत अशी : कॅनमध्ये किंवा बाटलीत आधी कार्बन डायऑक्साइड भरून टाकीइतकाच दाब तयार करतात. दोन्हीकडे दाब सारखा असल्याने बिअर केवळ स्वतःच्या वजनाने शांत उतरते आणि विरघळलेला वायू उसळत नाही. आतला वायू बाहेर पडायला एक बारीक नळी असते. बिअर चढत तिच्या तोंडाशी आली की तोंड बंद होते, वायूला वाट उरत नाही आणि भरणे आपोआप थांबते. म्हणजे पातळी ठरवते ती नळीची उंची. दुसरी पद्धत प्रवाहमापकाची, ती ठरलेले आकारमान मोजून सोडते. नंतर बंद कॅनमधली पातळी क्ष-किरणांनी किंवा गॅमा किरणांनी तपासणारी यंत्रेही ओळीत बसवलेली असतात.

समान दाबाचे हेच तत्त्व वापरणारी लहान यंत्रे आता बारमध्येही दिसतात. पेट्रोल पंपाच्या नोझलसारखे साधे काही का नाही वापरत, असा प्रश्न मलाही पडला होता. त्या नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. ते इंधनाने झाकले गेले की आतली हवा ओढणे थांबते आणि खटका पडतो. पण डिझेल भरताना नोझल अनेकदा टाकी भरण्याआधीच ‘कट’ होते, हे गाडीवाल्यांना माहीत आहे. कारण फेस. बिअरपुढे ते छिद्र पहिल्या काही सेकंदांतच हार मानेल.

काठोकाठ भरला तर फायदाच, नाही का?

इथे पैशांपेक्षा मोठा प्रश्न येतो. ३ अंशांची बिअर गाडीत ३० अंशांपर्यंत तापली, तर तिचे आकारमान जवळपास अर्ध्या टक्क्याने वाढते. १.८९ लिटरवर हे झाले ८-९ मिलिलिटर, म्हणजे दीड-दोन चमचे. वर हवा असेल तर काही बिघडत नाही, हवा दबते. पण जग गच्च भरून झाकण घट्ट लावले असेल, तर द्रव दबत नाही. मग झाकण, सील किंवा काच यांपैकी काहीतरी जाते. त्यात बिअरमधल्या वायूचा दाब त्याच तापमानवाढीत दुपटीहून जास्त होतो. म्हणून वर साधारण ५ टक्के जागा सोडतात. नळी काढल्यावर पातळी आपोआप खाली येते, असे म्हणत काही जण काठापर्यंत भरतात. पण वरच्या उदाहरणातल्या नळीने सुटणारी जागा २० मिलिलिटर, आणि हवी आहे जवळपास ९५.

तडा गेलेला किंवा टवका उडालेला काचेचा ग्राउलर तर पुन्हा भरूच नये. भरलेला जग उन्हातल्या गाडीत ठेवू नये.

कमी भरला तर काय करायचे?

हा वाद जुना आहे. म्युनिकमध्ये बिअर एकेकाळी दगडी मातीच्या अपारदर्शक मगांत मिळायची आणि आत किती आहे हे पिणाऱ्याला प्यायल्यावरच कळायचे. तिथल्या नागरिकांनी फसव्या मापाविरुद्ध १८९९ मध्ये चक्क संघटना काढली. ती पुढे १९७० मध्ये पुन्हा उभी राहिली. आज ऑक्टोबरफेस्टमधल्या एक लिटरच्या मगाची काच पारदर्शक असते आणि त्यावर मापाची रेघ असते. बिअर रेघेपर्यंत, फेस तिच्या वर.

आपल्याकडे स्टीलच्या जगावर बाहेरून दिसणारी रेघ असू शकत नाही. पण काउंटरवर दोन गोष्टी मागता येतात. भरण्याआधी रिकामा जग काट्यावर ठेवून शून्य करणे, आणि झाकणाआधी भरलेल्या जगाचे वजन दाखवणे. काटा नसेल तर मापाच्या भांड्यातून जगात ओतायला सांगता येते, पण त्यात फेस वाढतो आणि बिअरला हवा लागून चवही लवकर उतरते. विक्रीसाठी वापरले जाणारे वजन-माप वैधमापन यंत्रणेने पडताळून मुद्रांकित केलेले असावे लागते, ते ग्राहकाने पाहावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि भरताना फेस तोंडाशी आलाच, तर नळ बंद करून फेस बसेपर्यंत थांबावे, मग पुन्हा काटा पाहावा. मागे रांग असली की नेमका हाच वेळ कोणी देत नाही.